दुष्फेन

अहिवाऱ्यात नवी किटली सहा महिन्यांत आतून पांढरी होते. गिझरची कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर दगडाचा थर असतो, नळांच्या तोंडाला पांढऱ्या मिशा फुटतात, तूरडाळ लवकर शिजत नाही आणि साबण कितीही घासला तरी फेस येत नाही. अशा पाण्याला कोणी जड म्हणतात, कोणी खारे. आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र त्याला फार नेमका शब्द होता : दुष्फेन. ज्याचा फेस धड होत नाही ते दुष्फेन, होतो ते सुफेन. पुढे नोकरीभर मी हा दुष्फेनपणा मोजत राहिलो. तो शब्द एक दिवस बिअरच्या ग्लासापर्यंत येऊन पोचेल असे काही वाटले नव्हते.

गावाखाली चुनखडीच आहे. शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांनी रचलेले थर अजून दगडात दिसतात, कांदा आडवा चिरल्यावर दिसावेत तसे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची नंदिनी खाण याच दगडात आहे. झोतभट्टीत ही चुनखडी लोखंडाच्या खनिजातली वाळू आपल्याकडे ओढून घेते आणि स्लॅग होऊन वर तरंगते. ती किती वाळू ओढेल हे तिच्यात चुना किती, मॅग्नेशिया किती आणि तिची स्वतःची वाळू किती यावर ठरते, आणि ते ठरवायला प्रयोगशाळा लागते. तिथे मी होतो. दिवसभर ब्युरेटमधून थेंब सोडायचे आणि फ्लास्कमधला रंग बदलायची वाट पाहायची. तांबड्याचा निळा झाला की आकडा लिहायचा. त्या तांबड्या रंगाला आमच्या वह्यांत 'वाइन रेड' म्हणत, आणि ही वाइन कोणी कधी पाहिलेली नव्हती.

घरच्या बोअरचे पाणीही मी अनेकदा तपासले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असे आहे. आमचे पाणी सहाशेच्या आत असते आणि दोनशेच्या कितीतरी वर. पिल्झेन गावचे पाणी याच मापाने तीस-चाळीसच्या आसपास भरते. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली. ते जवळजवळ पावसाचे पाणी झाले.

पिल्सनर नावाची बिअर त्या पाण्यातून आली. बोहेमियातल्या पिल्झेनमध्ये १८३८ साली लोकांनी गावच्या खराब बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली, मग सगळ्यांनी मिळून नवा कारखाना उभारला, आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या कारागिराला बोलावले. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा लावला. आला तो सोनेरी, पारदर्शक, वर पांढराशुभ्र फेस असलेला. तोवर त्या भागात बिअर म्हणजे गडद आणि गढूळ असे. काच स्वस्त होत होती, त्यामुळे आत काय आहे ते दिसूही लागले होते.

फिकट रंगाला कारण झाली माल्ट वाळवायची इंग्रजी भट्टी. लाकडाच्या धुरावर मोड आलेले जव वाळवले की ते काळपट होतात आणि त्यांना धुराचा वास लागतो. इंग्रजांनी धूर न करणारा कोक वापरून, गरम हवा आवरून, फिकट माल्ट करायची रीत बसवली होती. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण भिलाईत चाळीस वर्षे कोक ओव्हनच्या बाजूने जाणाऱ्या माणसाला कोक म्हणजे पोलाद एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात कोकवर आधी माल्ट वाळले, मग लोखंड वितळले. १७०९ मध्ये कोलब्रुकडेल इथे कोकवर भट्टी चालवणारा एब्राहम डार्बी तरुणपणी माल्ट दळायच्या गिरण्या बनवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. भिलाईची झोतभट्टी आणि पिल्सनरचा ग्लास यांचे इतके जवळचे नाते आहे हे मला नोकरीत कोणी सांगितले असते तर कंटाळवाण्या बैठका बऱ्या गेल्या असत्या.

तर पाणी. जड पाण्यात, त्यातही आमच्यासारख्या चुनखडीच्या पाण्यात, फिकट माल्ट भिजवले की आम्लता पुरेशी वाढत नाही. सालपटातला तुरटपणा सुटतो, हॉप्सचा कडवटपणा घशाला ओरखडतो. गडद भाजलेले माल्ट स्वतःच आम्लधर्मी असते, ते हा चुना पचवते. म्हणून म्युनिक आणि डब्लिनच्या जड पाण्याची बिअर काळी झाली, आणि मऊ पाण्याची पिल्झेनमध्ये सोनेरी. घरात हे पाहायचे असेल तर चहा करून पाहावा. आमच्या बोअरच्या पाण्यात कोरा चहा केला तर वर साय धरल्यासारखा तवंग येतो, रंग मातकट होतो आणि चव बुळबुळीत. त्यातच दूध, साखर, आले घालून कडक उकळा, काही कळत नाही. पिल्सनर हा कोरा चहा आहे. जव, हॉप्स, यीस्ट, पाणी. लपायला जागाच नाही.

पिल्सनर हा शब्द मराठी माणसाला नवा नव्हता. मुंबईत लंडन पिल्सनर नावाची बिअर होती, लोक नुसते 'एलपी' म्हणून मागत. लंडन इंग्लंडात, पिल्झेन बोहेमियात आणि बाटली भरली जाई महाराष्ट्रात. गोव्याला गेलेल्यांनी किंग्जची बुटकी बाटली पाहिलेली असते, तिच्याही लेबलावर पिल्सनर लिहिलेले असे. कुणी कधी विचारले नाही की हा शब्द कुणाचा. कोल्हापुरी चपलेचे जे झाले तेच याचे झाले. पिल्झेनच्या कारखान्याने १८९८ मध्ये आपल्या बिअरला 'मूळ' असा अर्थ असलेला 'उर्क्वेल' हा शब्द जोडून नाव नोंदवले, तोवर जगभर पिल्सनर निघाल्या होत्या.

निवृत्तीनंतर मी या बिअर चाखून गुण द्यायला लागलो. यात पहिली अडचण भाषेची आली. मराठीत 'तो पितो' एवढेच म्हटले की पुरते. काय पितो हे सांगावे लागत नाही. पितो किंवा पीत नाही, मधले काही नाही. चहा चाखतो, आमटी चाखतो, पण बिअर चाखतो म्हटले की ऐकणारा गालात हसतो. बायको म्हणाली, "प्यायची तर सरळ प्या ना, वह्या कशाला भरता?" तिचा आक्षेप पिण्याला नव्हता, सोंगाला होता. सोंग नाही हे दाखवायचे तर नमुना कोणता आहे हे मला माहीत नसले पाहिजे, म्हणजे ओतणारा माणूस दुसरा पाहिजे.

हा दुसरा माणूस मिळाला तो प्रयोगशाळेतलाच. आम्ही तीस वर्षे एकत्र काम केले. खाणीतून आलेला ढीग चार भागांत वाटून, समोरासमोरचे दोन उचलून, पुन्हा वाटून, मूठभर नमुन्यात आख्खा डबा आणायचे काम त्यांच्याइतके चोख कुणाचे नव्हते. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, मी त्यांना भैया म्हणतो; ते मला अजून साहेब म्हणतात, ते काही सुटत नाही. भैया सतनामी आहेत. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी दोनशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांना जे सांगितले त्यात दारूला हात लावू नका हेही होते. आमच्या भागात वस्तीवस्तीत पांढऱ्या ध्वजाचा जैतखाम उभा असतो आणि १८ डिसेंबरला, गुरूंच्या जयंतीला, तो ध्वज बदलतात. भैयांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्यांचा धाकटा भाऊ मात्र दारूने गेला. त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.

मी त्यांना विचारताना दहा वेळा अडखळलो. त्यांनी ऐकून घेतले आणि अटी घातल्या. ओतीन, पण ग्लासांना हात लावणार नाही. ते तुम्ही धुवायचे. एका बैठकीला सहा नमुने, प्रत्येकी साठ मिलिलिटर, वर एक थेंब नाही. उरलेले नालीत, माझ्यासमोर. आणि चाखून थुंकायचे. या शेवटच्या अटीवर आमचे दोन दिवस चालले. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे बहुतेक गिळतात, कारण कडवटपणा गिळल्यानंतर वाढत जातो आणि पिल्सनरचे निम्मे गुण तिथेच असतात. मी हे समजावले. भैया म्हणाले, मग तीन थुंका आणि तीन गिळा. शेवटी गिळायचे पण साठाऐवजी चाळीस, असे ठरले. सहाचाळीस दोनशेचाळीस, एका छोट्या बाटलीपेक्षा कमी. ही बैठक महिन्यातून एकदाच.

ग्लास धुणे हे काम मी समजलो होतो त्याहून मोठे निघाले. काचेला तेलाचा अंश राहिला की फेस मरतो, आणि आमच्या पाण्याने धुतली की काचेवर पांढरट पापुद्रा बसतो. मी ग्लास धुण्याच्या सोड्याने धुऊन शेवटचे पाणी आरओचे घालतो आणि उपडे ठेवून वाळवतो. फडके लावत नाही. गुण वीसपैकी : पारदर्शकपणाला तीन, फेसाला तीन, वासाला चार, कडवटपणाला पाच आणि घोट गेल्यावर मागे काय उरते त्याला पाच. रंगाला गुण ठेवले नाहीत, रंग साधणे फार सोपे असते.

कडवटपणाला शब्द शोधताना मात्र मराठी कमी पडली नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, मेथीचा वेगळा, पाडव्याच्या कडुनिंबाचा तिसराच. संत्र्याच्या सालीचा आणखी निराळा, नागपूरकडच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. चांगल्या पिल्सनरचा कडूपणा मेथीच्या कोवळ्या पानाजवळ जातो : येतो, जागा घेतो आणि जीभ स्वच्छ करून निघून जातो. वाईट पिल्सनरचा जळक्या मेथीदाण्यासारखा बसून राहतो. छत्तीसगडीत कडूला 'करू' म्हणतात. तीजेच्या आदल्या रात्री इथल्या बाया 'करू भात' खातात, म्हणजे कारले आणि भात, आणि मग निर्जळी उपास धरतात. भैया प्रत्येक नमुन्यानंतर विचारत, "करू हे?" आणि मी कोणता करू ते सांगे. ते लिहून घेत. तिसऱ्या बैठकीपर्यंत वहीत कडूचे सात प्रकार झाले होते, त्यांतले चार त्यांनी आपल्या घरातून आणलेले.

बाटल्यांची नावे इथे देत नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्या प्रयोगशाळेत एकच नमुना दोन वेगळे क्रमांक टाकून देण्याची पद्धत होती. तपासणारा कितपत भरवशाचा आहे ते त्यावरून कळते. भैयांनी मला न सांगता तेच केले. चौथ्या बैठकीत दुसरा आणि पाचवा नमुना एकाच नावाची बिअर होती. मी दुसऱ्याला पंधरा गुण दिले, पाचव्याला आठ. पाचव्यात हॉप्सचा वास उरलाच नव्हता, त्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. भैयांनी वही मिटली नाही. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, लेबलावरच्या तारखा दाखवल्या. एक महिन्याभराची, दुसरी पाच महिन्यांची, आणि त्या पाच महिन्यांत मे होता. मग त्यांनी दोन्ही ग्लास, हात मागे बांधून, फक्त हुंगले. पाचव्याजवळ नाक नेले आणि मान मागे घेतली. "भींजे पुट्ठा असन बस्सावत हे." भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास. मी काय लिहिले आहे ते त्यांनी तोवर वाचलेले नव्हते.

बिअर धंद्यात एक ठोकताळा आहे : ३ अंश सेल्सिअसला ३०० दिवसांत बिअर जेवढी म्हातारी होते, तेवढी २२ अंशांना ३० दिवसांत होते आणि ३२ अंशांना ३ दिवसांत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या ट्रकमध्ये किती होत असेल याचा हिशेब करायला प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाचेही तेच. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश शिरला की हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. तपकिरी काच तो बराच अडवते. इंग्रजीत त्याला ज्या प्राण्याचे नाव आहे तो आपल्याकडे नाही. मी वहीत 'फोडणीत करपलेला हिंग' असे लिहितो.

तेव्हापासून मला गुणांच्या रकान्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. १८४२ मध्ये ग्लासात गाव उतरत होते ते पाण्यातून. आज कोणताही मोठा कारखाना आधी पाण्यातले क्षार काढतो आणि हवे तेवढेच परत घालतो. आमच्या दुर्ग जिल्ह्यातच सिम्बा बनते. चुनखडीच्या मुलखात जवाची बिअर करायला आता कोणाला बोहेमियाचा हेवा करावा लागत नाही. पण पाण्याचे दार बंद झाले म्हणून गाव बाहेर राहत नाही. ते गोदामाच्या पत्र्यातून येते, मेच्या रस्त्यातून येते, दारात उन्हात रचलेल्या खोक्यांतून येते. कारखान्याने पाठवलेल्या बिअरला मी पंधरा दिले, आणि ती माझ्यापर्यंत आली त्या वाटेला वजा सात. मग पाटी कोणाच्या नावावर लावायची? वजा सातची पाटी कंपनीच्या नावावर लावणे मला नमुना नीट न घेता डब्याचा निकाल देण्यासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट भैयांनी काढली. छत्तीसगडात २०१७ पासून दारूची दुकाने सरकारच चालवते. संध्याकाळी तिथे पाळी सुटलेल्या माणसांची रांग असते आणि त्यातले बिअर घेणारे बहुतेक स्ट्राँग घेतात. देशभर तसेच आहे; विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचा, कायद्याने ८ टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या बिअरचा. पिल्सनर साडेचार-पाचाच्या आसपास. मी म्हटले, या लोकांना कधी विचारले पाहिजे की ते किती गुण देतील. भैया म्हणाले, "ओमन नंबर नइ देवँय साहेब, ओमन हिसाब करथें." ते गुण देत नाहीत, हिशेब करतात. किती रुपयांना किती टक्के, घरी पोचेपर्यंत किती चढेल, उद्याच्या पाळीपर्यंत किती उतरेल. हे सांगताना त्यांचा आवाज काही वेगळा झाला नाही. वहीत त्यांनी त्या दिवशीचा सहावा नमुना लिहिला आणि उरलेली बाटली नालीत ओतली, नेहमीसारखी तळापर्यंत, शेवटचे थेंब झटकून. ओतताना ते बाटलीकडे पाहत नाहीत, नालीकडे पाहतात. मी मध्ये काही बोललो नाही.

असाच हिशेबी अविश्वास दुसऱ्या एका खेळात दिसतो. बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उपडी धरायची म्हणजे 'ग्लिसरीन' उतरते, असे आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. खाली उतरणारे लहरते धागे दिसतातही. भैयांना मी ते करून दाखवले, मग बाटलीत साखरेचे पातळ पाणी भरून तसेच दाखवले. तेही तसेच उतरले. न आंबलेला गोड अंश असल्यामुळे बिअर पाण्याहून किंचित जड, एवढेच. भैया म्हणाले की लोकांना काहीतरी काढून टाकल्याचे समाधान हवे असते. त्यांनी स्वतः किती बाटल्या ओतल्या आहेत हे त्यांना आठवले असावे, कारण मग ते हसले.

गेल्या थंडीत भाची परदेशातून येताना पिल्सनर उर्क्वेलचे चार डबे घेऊन आली. डब्यात उजेड शिरत नाही, आणि ते विमानातून आले. भैयांनी त्यातले दोन, दोन महिन्यांच्या बैठकांत, बाकीच्या नमुन्यांत मिसळून लावले. पहिल्या वेळी मी सतरा दिले, दुसऱ्या वेळी सोळा. कडूपणा आमच्या नेहमीच्या नमुन्यांहून बराच जास्त होता आणि तरी टोचत नव्हता. हेच ते मऊ पाणी. मात्र वासात लोण्यासारखे काहीतरी होते आणि दोष म्हणून मी एक गुण कापला. भैयांनी दुरून हुंगून 'लेवना' म्हटले, म्हणजे लोणीच. नंतर वाचले की यीस्टपासून येणारा हा लोण्याचा अंश त्या बिअरमध्ये थोडासा असतोच आणि पिल्झेनवाले तो दोष मानत नाहीत. मी कापलेला गुण तसाच ठेवला आहे. त्यांचे गाव, त्यांचे लोणी. वही आमची आहे.

उरलेल्या दोन डब्यांचे काय करायचे ते भैयांनी ठरवले. एक फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, भाजीच्या पिशवीखाली. दुसरा त्यांनी एक मेला स्वतःच्या हाताने, कापडात गुंडाळून, आमच्या गच्चीवर टाकीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि वहीत तारीख, वेळ आणि पेटीतले तापमान लिहिले. रोज दुपारी दोनला ते येऊन थर्मामीटर वाचतात. काल ४९ होते. जून लागला की दोन्ही उघडायचे आहेत, कोणता कोणता ते अर्थात मला न सांगता.